कालव्याच्या पाण्यात पान सोडा, रोग आधीच कळेल

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की उजनी किती टक्के भरली, आवर्तन कधी सुटणार, एवढंच बोलणं होतं. पण त्या पाण्यातनं काय वाहत येतंय हे कोण विचारत नाही. पानवेल बुडातनं कुजते, लिंबाच्या खोडातनं डिंक गळतो, मिरची-टोमॅटोची रोपं वाफ्यातच कोलमडतात, यामागं बऱ्याचदा फायटोप्थोरा नाहीतर पिथियम हे पाण्यातनं पसरणारे सूक्ष्म जीव असतात, आणि द्राक्षावरचा डाऊनी रोग पण याच कुळातला. डाळिंबाचा तेल्या रोग मात्र यातला नाही, तो बॅक्टेरियाचा.

फायटोप्थोराच्या कुळातले हे जीव दिसतात बुरशीसारखे पण खरी बुरशी नव्हेत, त्यांचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आहे. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखं नेहमीचं बुरशीनाशक कितीही मारलं तरी यांच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्झिलसारखी वेगळी औषधं लागतात, आणि चुकीच्या औषधात शेतकऱ्याचा पैसा जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. 1845 ला आयर्लंडमधला बटाटा ज्यानं संपवला तो पण फायटोप्थोराच.

यांच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात, त्यावर ते पाण्यात पोहतात, मुळातनं पाझरणाऱ्या साखरेच्या, अमिनो आम्लांच्या मागावर जातात आणि मुळाला चिकटले की शेपट्या टाकून आत घुसतात. स्वतःच्या बळावर फार लांब जात नाहीत, पण वाहतं पाणी त्यांना कुठल्या कुठं नेतं.

पाण्यात हे जीव आहेत का ते तपासायची पद्धत मला फार आवडते. जाळीच्या पिशवीत ताजी, न फवारलेली पानं भरायची, अमेरिकेत ऱ्होडोडेंड्रॉनची वापरतात, आपल्याकडं लिंबाची चालतील, पिशवी दोरीनं बांधून पाण्यात तरंगत ठेवायची आणि आठवडा-दोन आठवड्यांनी काढायची. पानावर डाग पडले तर डागाच्या कडेचा तुकडा कापून लॅबमध्ये अशा खाद्यावर ठेवतात ज्यात बॅक्टेरिया आणि खरी बुरशी मारणारी औषधं असतात, फायटोप्थोरा त्यात आरामात वाढतो. मग डीएनएवरनं जात ठरते. कॅलिफोर्नियात ओकची झाडं मारणारा फायटोप्थोरा रॅमोरम असाच ओढ्यांमध्ये शोधतात, कारण एका ओढ्याच्या पाण्यात वरच्या सगळ्या पाणलोटाची खबर असते. त्या हिशोबानं हत्तरसंग-कुडलला, जिथं भीमा-सीना मिळतात, तिथं संगमाच्या वर दोन्ही नद्यांत वेगवेगळी पिशवी टाकावी, म्हणजे कुठल्या बाजूनं येतंय ते कळेल. कडक उन्हाळ्यात नको, पावसाळा संपता संपता बरं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पाण्यात फायटोप्थोरा सापडला म्हणजे पीक गेलंच असं नाही. त्यातल्या काही जाती पडलेल्या पाल्यावरच जगतात, पिकाला फारसा त्रास नाही, म्हणून जात ओळखल्याशिवाय घाबरून फवारणी करायची नाही.

सगळ्यात आधी तपासावं ते कालव्याचं नाहीतर शेततळ्याचं पाणी वापरणाऱ्या नर्सरीनं, कारण तिथनं रोग रोपासोबत पन्नास शेतांत जातो. पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहिलं तर पोहणारे बीजाणू मरतात, वाळूचा संथ फिल्टर पण चालतो, आणि शेततळ्यात जिथनं शेतातलं पाणी वाहून येतं त्या तोंडापासनं मोटरीचा फूटव्हॉल्व्ह जमेल तेवढा लांब ठेवायचा.