आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून सुटले कसे?

सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. नागपूरकर पोराबाळांना घेऊन वर चढतात, १८१७ च्या लढाईची गोष्ट ऐकतात आणि उतरतात. ती गोष्ट बहुतेकदा पराभवापाशीच थांबते. खरा थरार पुढे आहे, आणि तो घडला जबलपूरकडे.

नागपूरचे भोसले राजे दुसरे रघुजी १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी कारभार पेलण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून पुतणे आप्पासाहेब पुढे आले आणि त्याच वर्षी त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत सापडले. त्याचा ठपका आप्पासाहेबांवर आहे. तो वगळून त्यांना निव्वळ नायक करणं मला पटत नाही. नोव्हेंबरात त्यांनी पेशव्यांकडून आलेला सेनापतिपदाचा मान उघडपणे स्वीकारला. २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीची लढाई झाली. १६ डिसेंबरला पुन्हा हार. तरी शहरातले अरब शिपाई महिनाअखेरीपर्यंत हटले नाहीत. नागपूरच्या महाल भागातलं आजचं गांधी गेट, म्हणजे तेव्हाचा जुम्मा दरवाजा, त्यांनीच लढवला.

जानेवारी १८१८ मध्ये रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेनकिन्सने आप्पासाहेबांना गादीवर राहू दिलं, पण पेशवे दुसऱ्या बाजीरावांशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार चालूच असल्याचा आरोप ठेवून मार्चमध्ये अटक केली. बाजीराव फौज घेऊन चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) रोखाने येत होते. ते येऊन सोडवतील ही आशा १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीच्या लढाईत संपली. कैद्याला अलाहाबादच्या किल्ल्यात नेऊन ठेवायचं ठरलं.

सुटका झाली ती वाटेत, १३ मे १८१८ च्या पहाटेआधी, जबलपूरपासून एका मुक्कामावर. बाहेरून कोणी छापा घातला नाही. पहाऱ्यावरच्या कंपनीच्याच काही हिंदुस्थानी शिपायांना आधीच फितवलं होतं. आप्पासाहेबांनी शिपायाचा पोशाख चढवला, बिछान्यात उशी ठेवली आणि पहाऱ्यातल्या त्या शिपायांसोबतच ते तंबूबाहेर पडले. तपासणीला आलेल्याने आत डोकावलं तर राजे झोपलेलेच दिसले! पैसा तर फिरलाच असणार, पण परमुलखात, इंग्रज अंमलदाराच्या नाकासमोर नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लावणं नुसत्या पैशासाठी होतं असं वाटत नाही.

पुढचा आसरा सातपुड्यातल्या महादेवाच्या डोंगरांत मिळाला. गोंडांनी, त्यातही चैनशहाने, त्यांना लपवलं आणि लढायला माणसंही दिली. मागे राहिलेले अरब येऊन मिळाले. जुलैमध्ये बैतूलकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी त्यांनी कापून काढली. इंग्रजांनी आप्पासाहेबांवर मोठं बक्षीस लावलं, फौजा चहूकडून आणल्या, तरी ते हाती लागले नाहीत. १८१९ च्या सुरुवातीला चित्तू पेंढाऱ्याबरोबर ते असीरगडाकडे निसटले. एप्रिलमध्ये किल्लेदार यशवंतराव लाडाने गड खाली केला, तेव्हा इंग्रजांना आत आप्पासाहेब सापडले नाहीत. तिथून पंजाब, आणि अखेर जोधपूर. राजा मानसिंगाने महामंदिरात आश्रय दिला आणि इंग्रज मागत असतानाही त्यांना स्वाधीन केलं नाही.

नागपुरात तोवर लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवून जेनकिन्सच कारभार हाकू लागला होता. आप्पासाहेब १८४० मध्ये वारले, जोधपुरातच.