सेंटर हवा होता म्हणून: एनबीए ड्राफ्टमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पोर्टलंडने १९८४ मध्ये मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बूई या सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, निवडलं, हे बास्केटबॉलचा जेमतेम परिचय असलेल्यालाही ठाऊक असतं. ड्राफ्टचा जून महिना आला आणि कुणी ‘आपल्याला सेंटरची गरज आहे’ असं म्हणालं, की समोरचा बूईचं नाव घेतो आणि वाद मिटल्यासारखा वाटतो. पण ही गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. त्याच दिवशी पोर्टलंडच्या आधी ह्यूस्टननेही सेंटरच घेतला होता, आणि त्या निवडीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी आधी एक फरक ध्यानात घ्यावा. लिलावात एखादा खेळाडू फारच आवडला तर बोली वाढवता येते. ड्राफ्टमध्ये बोली नाही, पाळी असते. आपली पाळी आली की पहिल्या फेरीत पाच मिनिटांत एक नाव द्यायचं. ते दिलं की बाकीची सगळी नावं दुसऱ्यांची. पाळीची अदलाबदल करता येते, पण तीही फुकट होत नाही. म्हणूनच संघाची गरज बघायची की गरज बाजूला ठेवून सर्वांत चांगला खेळाडू घ्यायचा, हा प्रश्न इथे इतका टोकदार होतो.

आता १९८४. तेव्हा पाळी ठरवायला लॉटरी नव्हती. पूर्व आणि पश्चिम या विभागांच्या तळाचे एकेक असे दोन संघ नाणं उडवायचे आणि पहिला क्रमांक ठरायचा. पूर्वेत तळाला होता इंडियाना, २६ विजय आणि ५६ पराभव. पण इंडियानाने आपली ही पाळी १९८१ मध्येच पोर्टलंडला देऊन टाकली होती, टॉम ओवेन्स नावाच्या वय झालेल्या सेंटरच्या बदल्यात. म्हणजे ४८ सामने जिंकलेल्या, बऱ्यापैकी बसलेल्या संघाच्या हाती थेट दुसरा क्रमांक आला. हा तपशील महत्त्वाचा आहे. हरणाऱ्या संघाला सगळंच हवं असतं, त्यामुळे त्याच्याकडे ‘गरज’ असा वेगळा मुद्दा उरत नाही. जिंकणाऱ्या संघाला आपल्यात नेमकं काय कमी आहे ते दिसतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

पोर्टलंडला काय दिसत होतं? शूटिंग गार्डच्या, म्हणजे जॉर्डनच्याच, जागेवर जिम पॅक्सन होता, सलग दोन वर्षं ऑल-स्टार. त्याच्या मागे आदल्या वर्षी चौदाव्या क्रमांकावर घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर तयार होत होता. शिवाय ड्राफ्टच्या काही दिवस आधीच त्यांनी डेन्व्हरकडून किकी व्हँडवे आणला आणि त्यासाठी जे खेळाडू दिले, त्यांत सेंटर वेन कूपरही होता. भोक त्यांनी स्वतःच पाडलं होतं. त्यात शहराच्या आठवणीत १९७७ ताजं होतं. पोर्टलंडचं एकमेव विजेतेपद बिल वॉल्टन या सेंटरच्या जिवावर आलेलं, आणि तो जायबंदी झाल्यावर संघ खाली घसरलेला. तेव्हाचा खेळही उंच माणसाभोवती फिरे. तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये १९७९ साली आली होती, पण एका सामन्यात एक संघ तिथून जेमतेम दोन-तीन प्रयत्न करी. सहा फूट सहा इंचांचा गार्ड एकट्याने विजेतेपद खेचून आणेल, असं कुणी धरून चालत नव्हतं. जॉर्डनला घेणाऱ्या शिकागोच्या जनरल मॅनेजर रॉड थॉर्न यांनीही निवडीनंतर, तो सात फूट असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं बोलून दाखवलं होतं.

बूई सात फूट एक इंचाचा. चांगला पास देणारा, हात मऊ, केंटकी विद्यापीठाचा. नडगीच्या हाडाला तडा गेल्यामुळे त्याचे कॉलेजचे सलग दोन हंगाम वाया गेले होते. म्हणून पोर्टलंडने ड्राफ्टआधी त्याला बोलावून तासन्‌तास तपासलं. डॉक्टर डाव्या नडगीवर छोट्या हातोडीने ठोकून दुखतं का विचारत, आणि दुखत असूनही आपण नाही म्हणत होतो, हे बूईने २०१२ मध्ये सांगितलं. त्याला खोटारडं ठरवण्याआधी हेही पाहावं की, पुढची सगळी कमाई ज्या उत्तरावर टांगली आहे ते उत्तर त्यालाच विचारलं जात होतं. पहिल्या हंगामात तो ७६ सामने खेळला, सरासरी १० गुण आणि ८.६ रिबाउंड, नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत त्याची निवड झाली. पुढच्या हंगामात ३८ सामने. तिसऱ्यात पाच सामने झाले आणि उजव्या पायाची नडगी मोडली. चौथा हंगाम कोरा, पाचव्यात वीस. पाच वर्षांत एकूण १३९.

ह्यूस्टनकडे वळू. नाण्याचा कौल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्याकडे सेंटर नव्हता का? होता, आणि कसा! १९८३ मध्ये, तोही पहिल्याच क्रमांकावर, त्यांनी सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन घेतला होता. गरजेचा तक्ता मांडला असता तर ह्यूस्टनला गार्ड हवा होता. जॉर्डन तिथे चपखल बसला असता. त्यांनी मात्र हकीम ओलाजुवानला घेतलं आणि सॅम्पसनला फॉरवर्डच्या जागेवर सरकवलं. दोन वर्षांत संघ अंतिम फेरीत होता; १९९४ आणि १९९५ मध्ये ओलाजुवानने दोन विजेतेपदं दिली. म्हणजे त्या दिवशीची चूक ‘सेंटर घेतला’ ही नव्हती. ज्याच्याकडे सेंटर होता त्याने सेंटर घेतला आणि कमावलं. ज्याच्याकडे नव्हता त्याने जागा भरायला घेतला आणि गमावलं. १९९२ च्या अंतिम फेरीत ड्रेक्सलरचं पोर्टलंड जॉर्डनच्या शिकागोकडून हरलं, तेव्हा पॅक्सन संघात नव्हता. ज्या भरलेल्या जागेपायी जॉर्डनला सोडलं, त्या जागेवरच्या दोघांपैकी एकच उरला होता.

पाळी कशी ठरते याचे नियम बदलत गेले तसा वादही बदलला. १९४७ पासून ड्राफ्ट उलट्या क्रमाने चाले, तळाचा आधी. १९६५ पर्यंत एक पळवाट होती: पहिल्या फेरीची पाळी सोडून संघाला आपल्या भागातल्या कॉलेजचा खेळाडू घेता येई, म्हणजे गावचा पोरगा तिकिटं खपवेल. १९६६ पासून नाणं. ह्यूस्टनने १९८३ आणि १९८४ असे लागोपाठ दोनदा नाणं जिंकलं आणि मुद्दाम हरल्याचा बोभाटा झाला. अडतीस वर्षांच्या एल्विन हेजला हंगामाच्या शेवटी जादा वेळेत गेलेल्या एका सामन्यात सगळीच्या सगळी ५३ मिनिटं खेळवलं होतं. १९८५ मध्ये लॉटरी आली. प्लेऑफला न पोहोचलेल्या सात संघांना समान संधी, सात पाकिटं. न्यूयॉर्कला पॅट्रिक युइंग मिळाला आणि हात लागताच ओळखू यावं म्हणून ते पाकीट गारठवून ठेवलं होतं, ही अफवा चाळीस वर्षांनंतरही गारठलेली नाही. १९९० पासून हरणाऱ्याला जास्त संधी, १९९४ पासून चौदा चेंडू आणि चार-चारच्या १००१ जोड्या, त्यांतली एक बाद. सर्वांत वाईट संघाला त्यांतल्या २५० मिळत. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० आणि चिठ्ठ्या पहिल्या चार क्रमांकांसाठी. उघड आहे, मुद्दाम हरण्याचा फायदा कमी करायचा होता. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. १९८४ मध्ये पोर्टलंडला सौद्यामुळे जे मिळालं, ते आता नशिबाने कुठल्याही मधल्या संघाला मिळू शकतं.

याची पहिली ठळक परीक्षा १९९३ मध्ये झाली. ऑर्लँडोने ४१ सामने जिंकले होते आणि ४१ हरले होते. ६६ पैकी एका चेंडूवर त्यांना पहिला क्रमांक लागला, तोही शकील ओ’नीलला घेतल्याच्या पुढच्याच वर्षी. त्या वर्षीचा सर्वांत वरचा खेळाडू ख्रिस वेबर, पण तोही उंच, रिंगणाजवळचा. संघाला चेंडू खेळवणारा गार्ड हवा होता. त्यांनी वेबरला निवडलं आणि लगेच गोल्डन स्टेटला देऊन तिसऱ्या क्रमांकावर गेलेला अँफर्नी हार्डवे आणि वर पुढल्या वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या घेतल्या. गरज भागली आणि वरचा फरकही वसूल झाला. १९९५ मध्ये ऑर्लँडो अंतिम फेरीत पोहोचलं. (तिथे त्यांना ४-० ने झोपवणारा ओलाजुवान होता, हा भाग वेगळा.) ‘गरज की गुणवत्ता’ म्हणून भांडणारे हा तिसरा रस्ता हटकून विसरतात. तो दर वर्षी खुला नसतो, हेही खरं. समोर त्या खेळाडूसाठी आसुसलेला गिऱ्हाईक लागतो.

१९९५ मध्ये नवोदितांच्या पगाराचा तक्ता आला. त्याच्या आदल्या वर्षी ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडून दहा वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर घेतले होते. आजच्या नियमात क्रमांकानुसार पगार ठरलेला: दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर, आणि त्यानंतरही दुसऱ्याने देऊ केलेला करार जुळवून खेळाडू ठेवायचा हक्क. म्हणजे वरचा खेळाडू बाजारभावाच्या कितीतरी खाली चार वर्षं मिळतो. ही स्वस्ताई गुणवत्तेच्या प्रमाणात वाढते, जागेच्या प्रमाणात नाही. दुसरा बदल वयाचा. ड्राफ्टच्या दिवशी बूई २३ वर्षांचा होता, जॉर्डन २१ चा. आज वरच्या क्रमांकांवर बहुतेक एकोणीस वर्षांची मुलं असतात. त्यांचा खरा खेळ तिसऱ्या-चौथ्या हंगामात दिसतो, आणि तोवर आजच्या संघातले निम्मे तरी गेलेले असतात. येत्या ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या हंगामाची गरज चार वर्षांनी पिकणाऱ्या खेळाडूने भागवायची, हे गणितच जमत नाही.

तरी चुका होतातच. २०१८ मध्ये फिनिक्सने सेंटर डिआंद्रे एटनला पहिलं घेतलं. विशेष म्हणजे त्यांचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह यांनीच आदल्या वर्षी स्लोव्हेनियाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, ल्युका डॉन्चिचला सोबत घेऊन. दुसरा क्रमांक सॅक्रामेंटोचा, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा संघ. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये खेळून गेला तोच. त्यांच्याकडे चेंडू हातात ठेवणारा डी’ॲरन फॉक्स होता, म्हणून मार्व्हिन बॅगली हा फॉरवर्ड. युरोलीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तिसऱ्यावर घसरला. त्याला अटलांटाने घेऊन डॅलसला दिलं. बॅगली चार हंगामही सॅक्रामेंटोत टिकला नाही. फॉक्ससुद्धा २०२५ मध्ये गेला.

उलट बाजूलाही खड्डा आहे. फिलाडेल्फियाने २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षं गरज न बघता नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड आणि जलील ओकाफोर हे तीन सेंटर जमवले. कोर्टवर सेंटरची मिनिटं ४८ च. ओकाफोर बाकावर बसू लागला तसा त्याचा भाव पडत गेला, आणि विकायची वेळ आली तेव्हा नोएल आणि ओकाफोर दोघांच्याही बदल्यात फुटकळ मोबदला मिळाला. जास्तीचा माल विकायचा असेल तर त्याला आधी खेळवावं लागतं. हे साधं दुकानदारी गणित त्या योजनेत राहून गेलं होतं.

२००७ चं उदाहरण मात्र या वादात आणू नये, असं आमचं मत आहे. पोर्टलंडने ग्रेग ओडनला घेतलं, केविन ड्युरंट सिएटलला गेला, आणि ओडन पोर्टलंडसाठी जेमतेम ८२ सामने खेळला. पण तेव्हा बहुतेक तज्ज्ञांच्या यादीत ओडनच वर होता. तिथे गरज आणि गुणवत्ता यांचं भांडणच नव्हतं. गुडघा दगा देऊन गेला.

मग जाणकार निवड समित्या करतात काय? सरळ एक ते साठ अशी यादी लावून तिच्यावर विसंबत नाहीत. ते टप्पे पाडतात. एखाद्या वर्षी पहिल्या टप्प्यात एकच नाव असतं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात आठ. टप्पा ओलांडून गरजेसाठी खाली उतरायचं नाही. एकाच टप्प्यातले दोघं समोर आले तरच गरज बघायची. खालच्या टप्प्यातला खेळाडू हवा असेल तर पाळी विकून मागे सरकायचं. वैद्यकीय अहवालाने टप्पाच बदलतो, टप्प्यातला क्रम नव्हे. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२३ च्या करारापासून, ड्राफ्टआधी शिकागोत होणाऱ्या चाचणी शिबिराचं निमंत्रण मिळालेल्याला तपासण्या टाळता येत नाहीत; सबळ कारणाशिवाय टाळल्या तर त्या वर्षी निवडच नाही. एमआरआय पाहणाऱ्याला ‘दुखतं का’ एवढंच विचारून थांबावं लागत नाही. तरीही चित्र दिसणं आणि अंदाज बरोबर येणं या निराळ्या गोष्टी. एम्बीडच्या पायाचं हाड ड्राफ्टच्या तोंडावर मोडलं, दोन हंगाम गेले आणि २०२३ मध्ये तोच लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

दुसऱ्या फेरीत तर टप्पे विरघळूनच जातात. तिथे पगाराची हमी नसते, म्हणून जुगार स्वस्त पडतो. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला तो अशाच हिशेबात. एनबीएच्या मुख्य हंगामात तो कधी उतरला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ४१ वा निवडला गेलेला निकोला योकिच मात्र पुढे लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला; त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती.

२०२५ मध्ये दुसरा क्रमांक सॅन अँटोनिओला लागला. चेंडू हातात ठेवणारे दोन गार्ड त्यांच्याकडे आधीच होते: फेब्रुवारीत सॅक्रामेंटोकडून आणलेला तोच फॉक्स, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला स्टेफन कॅसल. फळ्यावर उरलेलं सर्वांत वरचं नाव डिलन हार्पर, तोही गार्ड. पॅक्सन, ड्रेक्सलर आणि जॉर्डन यांच्यासारखीच मांडणी, क्रमांकसुद्धा तोच. सॅन अँटोनिओने हार्परला घेतलं.