जुनी मुद्रणयंत्रे : विद्युत मोटर आणि वीजपुरवठा

पायाने चालणाऱ्या किंवा एकेकाळी सामाईक दंडावरून पट्ट्याने फिरणाऱ्या जुन्या मुद्रणयंत्राला स्वतंत्र विद्युत मोटर जोडताना मोटरचा प्रकार, शक्ती व वेग आणि उपलब्ध वीज यांचा मेळ घालावा लागतो. नागपूर ही आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. सरकारी छपाई, १९११ पासूनचे ‘हितवाद’सारखे वृत्तपत्र आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके छापणारे लहान छापखाने यांमुळे येथे मुद्रणव्यवसाय चांगलाच रुजला. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई मागे पडल्यावर अशी यंत्रे मोडीत जाऊ लागली. त्यांपैकी जी टिकली आहेत ती पुन्हा चालती करताना मोटरची निवड चुकली, तर ओतीव लोखंडाचा न मिळणारा भाग तडकण्याची भीती असते.

निवडीची सुरुवात यंत्राच्या वेगापासून करावी. ट्रेडलचे, म्हणजे पायाने चालणाऱ्या लहान मुद्रणयंत्राचे, गतिचक्र (जड फिरते चाक) हाताने सावकाश फिरवून एका छापास त्याचे किती फेरे लागतात हे मोजावे. समजा, सहा फेरे लागतात आणि ताशी १२०० छाप हवे आहेत. म्हणजे मिनिटाला २० छाप आणि गतिचक्राचे १२० फेरे. चार ध्रुवांची साधी मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला सुमारे १४४० फेरे करते, म्हणून वेग बारापट उतरवला पाहिजे. गतिचक्राचा व्यास ९०० मिमी. असेल आणि पट्टा थेट त्याच्यावरून घेतला, तर मोटरवरची पुली ७५ मिमी. व्यासाची लागेल. हाताने कागद लावणाऱ्या नवशिक्यासाठी हाही वेग जास्त आहे. त्याने याच्या निम्म्याने सुरुवात करणे सुरक्षित ठरते.

लहान ट्रेडलला साधारणतः पाव ते अर्धा अश्वशक्ती पुरते, मोठ्याला एकापर्यंत लागते. सिलिंडर यंत्राची (फिरत्या रुळाने कागदावर दाब देणाऱ्या यंत्राची) गरज मात्र त्याच्या आकारानुसार वेगळी ठरवावी लागते. गरजेपेक्षा मोठी मोटर बसवण्याचा मोह टाळावा. खिळा किंवा पाना दाबाच्या पाट्यांत अडकला, तर माफक शक्तीची मोटर थांबते अथवा पट्टा घसरतो. जबरदस्त मोटर यंत्राचा सांगाडा मोडूनच थांबते. याच कारणाने साखळीपेक्षा किंवा थेट दातेरी जोडणीपेक्षा थोडा घसरू शकणारा सपाट पट्टा श्रेयस्कर आहे. जड गतिचक्र हलवताना मोटर पूर्ण भारावरील प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते, म्हणून एकफेजी (घरगुती विजेवर चालणारी) मोटर धारित्राने (कपॅसिटरने) सुरू होणारी असावी आणि यंत्र सुरू करताना छापाचा दाब काढलेला असावा.

घरगुती जोडणीत २३० व्होल्टचा एकच फेज मिळतो. ४०० ते ४१५ व्होल्टची तीन फेजची जोडणी महावितरणकडून स्वतंत्र घ्यावी लागते. दोहोंमधला सोयीचा मार्ग म्हणजे एकफेजी वीज घेऊन तीन फेज देणारा वारंवारता-नियंत्रक (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) होय. त्याने वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो आणि यंत्र हळुवार सुरू होते. मात्र मोटरच्या तारगुंडाळ्यांची सहाही टोके बाहेर काढलेली असावीत, म्हणजे गुंडाळ्यांच्या ‘स्टार’ जोडणीची ‘डेल्टा’ करून ती २३० व्होल्टवर चालवता येते. फार कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखा पुरेसा वारा देत नाही, ही गोष्ट नागपुरात विशेष महत्त्वाची आहे: मोटरची क्षमता सहसा ४० अंश सेल्सिअस परिसर-तापमान धरून लिहिलेली असते आणि मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे मोटरवर पूर्ण शक्तीइतका भार न टाकता थोडी सूट ठेवावी आणि मोटर भिंतीला चिकटवू नये.

अमेरिकी यंत्राबरोबर आलेली ११५ व्होल्ट, ६० हर्ट्‌झची मोटर ट्रान्सफॉर्मर लावून वापरू नये. ट्रान्सफॉर्मर व्होल्टता बदलतो, वारंवारता नाही. ५० हर्ट्‌झवर वेग एक षष्ठांशाने घटतो आणि व्होल्टता त्याच प्रमाणात उतरवली नाही, तर मोटर तापते. ती जपून ठेवून यंत्राला नवी जोडणे शहाणपणाचे. जुन्या एकदिश (डीसी) मोटरसाठीही हाच सल्ला लागू पडतो.

वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये, यासाठी पुरवठा तुटताच सुटणारा आणि अतिभारापासून रक्षण करणारा स्टार्टर आवश्यक आहे. हात दाबाच्या पाट्यांत असताना यंत्र अचानक फिरले, तर बोटे जातात. बंद करण्याचे बटण कागद लावणाऱ्याच्या हाताशी असावे, पट्ट्यावर जाळी असावी आणि मोटरबरोबर यंत्राच्या सांगाड्यालाही भूयोजन (अर्थिंग) करावे. खिळे व शाईचे रूळ रॉकेल किंवा पेट्रोलने धुण्याची रीत असल्याने ठिणग्या पाडणारी ब्रशची किंवा उघडी मोटर यंत्राखाली ठेवू नये. पूर्ण बंदिस्त मोटर कागदाच्या धुळीपासूनही सुरक्षित राहते.