तीस टक्के, पण कशाचे?

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे भरलेल्या जैवविविधता परिषदेत २०३० सालापर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन व गोडे पाणी आणि ३० टक्के समुद्र यांचे संरक्षण करण्याचे उद्दिष्ट ठरले. त्याआधी २०१० साली जपानमध्ये ठरलेल्या वीस उद्दिष्टांपैकी एकही २०२० पर्यंत पूर्णपणे साध्य झाले नव्हते, त्यामुळे या नव्या आकड्याकडे काहीसे साशंक होऊनच पाहावे लागते.

हवामानाच्या उद्दिष्टाची मोजदाद त्या मानाने सरळ आहे. सरासरी तापमानवाढ २ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली आणि शक्यतो १.५ अंशांवर रोखावी, असे २०१५ च्या पॅरिस कराराने ठरवले. कार्बन डायऑक्साइड कोणत्याही देशातल्या धुराड्यातून बाहेर पडला तरी वातावरणात तो मिसळून जातो आणि त्याचा परिणाम सारखाच होतो. निसर्गाला अशी एकच मोजपट्टी लावता येत नाही. एक हेक्टर सागाची लागवड आणि एक हेक्टर सदाहरित जंगल कोष्टकात सारखेच दिसतात. क्षेत्रफळ मोजायला सोपे, म्हणूनच तर ते उद्दिष्टात आले. शिवाय हे दोन हिशेब वेगळे ठेवता येत नाहीत, कारण माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास निम्मा वायू जमिनीवरील वनस्पती, माती आणि समुद्र शोषून घेतात, आणि जंगल जळाले की त्यातला साठा पुन्हा हवेत जातो.

अभयारण्य म्हणून घोषित नसलेले, पण प्रत्यक्षात राखले जाणारे क्षेत्रही या ३० टक्क्यांत धरता येते. सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, या व्याख्येत बसू शकतात. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. चांगल्या राखलेल्या देवराईत शिरले की पाय पालापाचोळ्यात रुततो, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेलींवर हातभर लांबीच्या शेंगा लोंबताना दिसतात आणि कुठेतरी उन्हाळ्यातही न आटणारा झरा असतो. मात्र अनेक देवराया एक-दोन एकरांच्या आहेत, त्यामुळे जगाच्या नकाशावर त्यांचा ठिपकासुद्धा उमटत नाही. त्यातच देवळाचा जीर्णोद्धार करताना भोवतालची झाडे तोडून फरशी घातली गेली, तरी सातबाऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते.