जर्मनीतले पाहुणे कामगार आणि त्यांची नातवंडं

जर्मनीत स्थलांतरितांच्या बेरोजगारीचा विषय निघाला की गाडी हमखास ‘ते इथे मिसळत नाहीत’ या तक्रारीवर येते. परदेशी नागरिकांमधली बेरोजगारी एकूण दराच्या दुपटीहून जास्त आहे, हे खरंच. पण त्यांनी मिसळावं असं सरकारला कधीपासून वाटायला लागलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

पश्चिम जर्मनीने कामगारभरतीचा पहिला करार इटलीशी केला, 20 डिसेंबर 1955 रोजी. 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीस आले. ऑगस्ट 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारं मनुष्यबळ अडलं आणि ऑक्टोबरअखेर तुर्कस्तानशीही करार झाला. माणसं हवी होती ती खाणींत, ओतशाळांत, मोटारींच्या असेंब्ली लाइनवर. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात जर्मन डॉक्टर दातांपासून लघवीपर्यंत सगळं तपासून घेत. जर्मन भाषा शिकवायची सोय मात्र कुणाच्या डोक्यातही नव्हती, कारण हे ‘पाहुणे कामगार’, दोन वर्षांत परत जाणार होते.

ही दोन वर्षांची अट नकोशी झाली ती कारखानदारांनाच. शिकवून तयार केलेला माणूस घालवायचा आणि नव्याला पहिल्यापासून शिकवायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. 1964 मध्ये अट गेली. राहायची मुभा मिळाली, पण राहणाऱ्याला जे लागतं त्यातलं बाकी काहीच आलं नाही. त्याच वर्षी कोलोनच्या स्टेशनावर दहा लाखाव्या पाहुण्या कामगाराचं, एका पोर्तुगीज सुताराचं, मोपेड देऊन जाहीर स्वागत झालं.

1973 च्या ऑगस्टमधले दोन संप या सगळ्याचं खरं चित्र दाखवतात. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे 300 तुर्की कामगारांना काढून टाकलं, आणि त्यांच्या सोबतच्या तुर्की कामगारांनी काम थांबवलं. जर्मन सहकारी बहुतांशी बाजूलाच राहिले आणि संप मोडला गेला. नॉइस गावात पीअरबुर्गच्या कार्बोरेटर कारखान्यात बायकांचा संप होता. संपकऱ्यांत बहुसंख्य परदेशी होत्या आणि त्यांना ‘हलकं काम’ या नावाच्या सर्वांत खालच्या पगारश्रेणीत टाकलेलं होतं. तिथे जर्मन कुशल कामगार त्यांच्या बाजूने उतरले आणि ती श्रेणीच रद्द झाली. माझ्या मते ‘मिसळणं’ म्हणजे काय, हे पुढच्या कितीतरी सरकारी अहवालांपेक्षा नॉइसमध्ये जास्त कळतं.

तेलसंकट आलं आणि 23 नोव्हेंबर 1973 रोजी भरती बंद झाली. तोवर आलेल्या सुमारे 1 कोटी 40 लाखांपैकी 1 कोटी 10 लाखांच्या आसपास माणसं परत गेली. उरलेल्यांना कळून चुकलं की आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. 1975 पासून पूर्ण बालभत्ता जर्मनीत राहणाऱ्या मुलांनाच मिळू लागला, त्यामुळे मुलं आणणं आणखी सोयीचं झालं. आणि दुसरीकडे 30 नोव्हेंबर 1974 नंतर आलेल्या कुटुंबीयांना कामाचा परवाना द्यायचा नाही, असाही नियम निघाला. पुढे तो सैल झाला. पण ऐन उमेदवारीच्या, म्हणजे कारखान्यात राबत काम शिकण्याच्या, वयातली पोरं घरी बसली, ती बसलीच.

जर्मनीच्या शिक्षणव्यवस्थेत उमेदवारी हुकणं फार महागात पडतं. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. घरी जर्मन न बोलणारी मुलं मोठ्या संख्येने सर्वांत खालच्या शाळाप्रकारात गेली. त्यापुढे कारखान्यात उमेदवार म्हणून शिरायला ओळखपाळख लागते, आणि बापाची ओळख असेंब्ली लाइनपलीकडे नसायची. शिवाय ज्या खाणी आणि पोलाद कारखान्यांसाठी बाप आला होता, तेच आता बंद पडत चालले होते.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. परदेशी नागरिकांसाठी नेमलेले पहिले आयुक्त हाइन्झ क्यून यांनी 1979 मध्येच लिहून दिलं होतं की हे लोक आता इथलेच आहेत. त्यांची मुलं शाळेत, प्रशिक्षणात सामावून घ्या, त्यांना नागरिकत्वाचा हक्क द्या. सरकारने 1983 मध्ये कायदा केला तो उलट्या दिशेचा: परत जाल तर 10,500 मार्क, शिवाय प्रत्येक मुलामागे 1,500.

मग 2000 मध्ये जन्माने नागरिकत्व, अटींसह. 2005 मध्ये 600 तासांचे सरकारी भाषावर्ग, म्हणजे इटलीच्या करारानंतर जवळपास 50 वर्षांनी. 2012 मध्ये परदेशी पदव्या तपासून मान्य करण्याचा कायदा. नातवंडांची भाषा तोवर जर्मनच झाली होती, तरी नाव आडवं येत होतंच. 2010 च्या सुमारास दोन अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा जर्मन नावाला बोलावणं येण्याची शक्यता तुर्की नावापेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी जास्त निघाली. भाषावर्गांनी हा फरक भरून निघत नाही.

2024 च्या नागरिकत्व कायद्यात त्या पहिल्या पिढीसाठी खास सवलत आहे: लेखी परीक्षा नको, रोजच्या व्यवहारापुरतं जर्मन बोलता आलं की पुरे. 1961 मध्ये विशीत असलेला तुर्की कामगार हयात असेल तर तोवर ऐंशी ओलांडून गेलेला होता.