दोन-चार राउटर असलेल्या ग्राहकांसाठी: आयपीव्ही ६ आणि रिप-एनजी

दुकान एका इमारतीत, गोदाम दुसरीकडे, हिशेबाचं ऑफिस तिसरीकडे, आणि प्रत्येक जागी एकेक राउटर. अशा ठिकाणी आयपीव्ही ६ साठी (इंटरनेटच्या नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) आम्ही बहुधा रिप-एनजी लावतो, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याचा प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत). तो १९९७ चा, त्यामुळे नाक मुरडणारेही भेटतात. पण तीन-चार राउटरना तो पुरतो आणि सेटिंग मोजक्या ओळींत होतं.

प्रत्येक राउटर साधारण दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपली यादी पाठवतो: अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर (एका राउटरवरून पुढच्यावर जाणं म्हणजे एक टप्पा). शेजारी त्यात आपला टप्पा मिळवतो आणि कमी आकड्याची वाट धरतो. १६ आकडा आला की वाट बंद समजायची.

गोची एकच. याला टप्पे कळतात, वेग कळत नाही. गोदामातून ऑफिसला थेट वायरलेस लिंक आहे आणि दुकानावरून फायबरही आहे, असं धरा. वायरलेसने एक टप्पा, फायबरने दोन. म्हणजे भर पावसात रडतखडत चालणारी वायरलेसच निवडली जाणार! म्हणून वायरलेसच्या दोन्ही टोकांना आम्ही एकाऐवजी ५ टप्पे धरायला लावतो. मग काम फायबरवरून चालतं आणि फायबर तुटली तरच वायरलेस पुढे येते.

केबल थेट राउटरमधून निसटली तर राउटरला लगेच कळतं. मधे स्विच (अनेक केबली जोडणारा डबा) असेल तर मात्र पोर्टचा दिवा लागलेलाच राहतो आणि शेजारी गप्प झाल्यावर राउटर १८० सेकंद वाट पाहतो. तेवढी तीन मिनिटं कृपया राउटर बंद-चालू करू नका.

रिप-एनजीला स्वतःचा पासवर्ड नाही, ते काम आयपीसेकवर (नेटवर्कमधली माहिती सुरक्षित करणारी वेगळी व्यवस्था) सोडलेलं आहे. त्यामुळे तो आम्ही फक्त राउटर-राउटरमधल्या पोर्टवर चालू ठेवतो. कॉम्प्युटरच्या आणि इंटरनेटच्या बाजूला बंद. नवा फायरवॉल बसवणाऱ्याला सांगा, राउटरांमध्ये यूडीपी ५२१ (रिप-एनजीच्या याद्या ज्यावरून जातात तो पोर्ट क्रमांक) अडवू नकोस. राउटरच्या वाटांच्या टेबलमध्ये पुढच्या राउटरचा पत्ता एफई८० ने (फक्त शेजाऱ्यापुरता चालणारा पत्ता) सुरू होतो, तो बिघाड नव्हे.

कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आयपीव्ही ४ वरच, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या पद्धतीवर असेल, तर त्याच्या वाटा यातून जात नाहीत. त्या वेगळ्या लावाव्या लागतात. आणि बिलिंग तीन मिनिटंही थांबून चालणार नसेल तर काम सुरू होण्याआधीच सांगा, तिथे आम्ही ओएसपीएफ-३ हा दुसरा, तुटलेली वाट लवकर ओळखणारा प्रोटोकॉल सुचवतो.