भूकंपाच्या लाटेला चकवणारी भोकं

दहा-दहा भोकांच्या तीन रांगा, बस्स. ऑगस्ट 2012 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहराजवळ मार्सेच्या फ्रेनेल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी मेनार नावाच्या पायाभरणीचं काम करणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन ती पाडली, 5 मीटर खोल, रुंदीला 32 सेंटिमीटर म्हणजे आपल्या बोअरवेलच्या साधारण दुप्पट, आणि दोन भोकांत अंतर 1.73 मीटर. मग शेजारी एक मशीन जमिनीत घालून सेकंदाला 50 वेळा हलवलं आणि आजूबाजूला सेन्सर लावून ठेवले.

त्या मातीत लाट सेकंदाला 78 मीटर पळत होती, म्हणजे एका लाटेची लांबी दीड मीटरच्या आसपास, जवळपास भोकांमधल्या अंतराएवढी, आणि खरी गंमत इथेच आहे. मटेरियल तेच, मातीच, पण नुसत्या मांडणीमुळे लाटेला पुढे जाता येईना. दुसऱ्या रांगेच्या पलीकडे जवळजवळ काहीच पोचलं नाही.

पण मशीनच्या बाजूला एनर्जी साधारण दुप्पट झाली! मला या प्रयोगातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण लाट मरत नाही, फक्त वाट बदलते. उद्या एखाद्या हॉस्पिटलभोवती अशी भोकं पाडली आणि परत फिरलेली लाट समोरच्या चाळीवर गेली तर? म्हणून खरी धडपड आहे ती लाट वळसा घालून पलीकडे जशीच्या तशी जुळवायची, जणू मधे बिल्डिंग नव्हतीच. पातळ प्लास्टिकच्या पत्र्यात आणि पाण्याच्या लाटांवर असं छोट्या प्रमाणात करून दाखवलंय, जमिनीत ते फार अवघड आहे, कारण भूकंपात बिल्डिंगा पाडणारी कंपनं 10 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 10 वेळांच्या, खालची असतात. त्याच मातीत 5 हर्ट्झची लाट धरली तरी ती 15 मीटरहून लांब, मग भोकांची जाळीही तेवढी मोठी हवी.

दुसरा रस्ता झाडांचा. झाड जमिनीत रोवलेल्या पट्टीसारखं स्वतःच्या ठेक्यात थरथरतं आणि त्या ठेक्याची लाट अडवतं, 2016 मध्ये फ्रान्सच्याच लांद भागातल्या पाइनच्या जंगलात सेन्सर पसरून हे मोजलंय. ती फ्रिक्वेन्सी भूकंपाच्या मानाने बरीच वरची आहे हे खरं, पण त्याच वर्षीचं एक गणित मला फार आवडलं: उंची टप्प्याटप्प्याने बदलत जाणारे असे खांब किंवा झाडं लावली तर एका बाजूने येणारी लाट परत फिरते आणि उलट बाजूने येणारी सरळ खाली, खोल जमिनीत वळते, शेजाऱ्याच्या घराकडे जातच नाही.